मित्राच्या निबंधावर खुणा कशा कराव्यात?

मॅडम, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नववीच्या वर्गात साठच्या आसपास मुले. सगळ्यांचे निबंध एकटीने तपासणे होत नाही, म्हणून तुम्ही मुलांना एकमेकांच्या वह्या तपासायला दिल्या. कुणी लाल पेनाने अख्खे पान रंगवले, कुणी मित्राचा परिच्छेद खोडून स्वतःचाच लिहून दिला, कुणी दहापैकी तीन गुण टाकून मोकळे झाले आणि एका मुलीने तर वही परत घ्यायलाच नकार दिला. खुणांची काही ठरलेली पद्धत आहे का, की हा नाद सोडून द्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

सोडू नका. पद्धत आहे आणि ती अवघड नाही. पण चिन्हांकडे वळण्याआधी ती खूण कुणासाठी असते, हे पाहिले पाहिजे. सगळा घोळ तिथेच होतो.

मी लातूर जिल्ह्यात मराठी शिकवतो. शाळेत लागण्याआधी छापखान्यात मुद्रितशोधनाचे, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधण्याचे, काम केले. दोन्हीकडे कागदावर खुणाच करायच्या, पण त्यांची जात वेगळी. मुद्रितशोधकाची खूण म्हणजे जुळाऱ्याला, छपाईची अक्षरे जुळवणाऱ्याला, दिलेला हुकूम. 'विहीरीत'मधल्या 'ही'वर काट मारून समासात 'हि' लिहिले की जुळारी तेवढा खिळा, म्हणजे धातूचे अक्षर, बदलतो. का बदलायचा, हे त्याला कळण्याची गरज नसते. वर्गातली खूण लिहिणाऱ्यासाठी असते. त्याने तिथे थांबावे, शब्दाकडे पुन्हा पाहावे आणि काय चुकले ते स्वतः शोधावे, एवढ्यासाठीच ती करायची. मित्राने 'विहिरीत' असे शुद्ध रूप वर लिहून दिले, तर लिहिणारा ते मुकाट्याने उतरवून काढतो आणि पुढच्या निबंधात पुन्हा 'विहीरीत' लिहितो. म्हणून पहिला नियम असा : मित्राने जागा दाखवायची, दुरुस्ती लिहिणाऱ्याने करायची. एवढे पाळले तर खुणा कोणत्याही ठरवा, काम होते.

मुलांना हे पटवायला आपल्याकडे फार मोठे उदाहरण आहे. पैठणला एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळपास तीनशे वर्षांच्या नकलांमध्ये पाठ बिघडले होते, ते त्यांनी शोधून नीट केले. नाथ स्वतः केवढे कवी! वाटेल तिथे चार ओव्या घालणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी घातल्या नाहीत. उलट, ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे, असे बजावून ठेवले. वर्गात हे सांगा आणि मग विचारा, 'मित्राच्या निबंधात आपले वाक्य घालायचे का?' उत्तर मुलेच देतील. मी हे पैठणच्या नाथषष्ठीला घरचे लोक जातात अशा मुलांपुढे अनेकदा सांगितले आहे, पुन्हा समजवावे लागत नाही.

आता साहित्य. लाल पेन वर्गाबाहेर. मुलांनी शिसपेन्सिलीनेच खुणा करायच्या. लाल रंग शिक्षकाचा, निकालाचा, नापास होण्याचा. तो मित्राच्या हातात गेला की मित्र परीक्षक होतो. पेन्सिलीचे दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे : खूण चुकीची निघाली तर पुसता येते. आणि चुकीच्या खुणा निघतातच, त्यावर पुढे बोलतो. निबंधाचा कच्चा खर्डा एक ओळ सोडून लिहायला सांगा. दुरुस्ती त्या रिकाम्या ओळीत येते, गिचमिड होत नाही. डावीकडचा छापील समास बहुधा अपुरा पडतो, म्हणून उजवीकडेही दोन बोटांची जागा पट्टीने आखून घ्यायला लावा. कागद जास्त लागतो, हे खरे. पाठकोरे कागद चालतात. पक्की प्रत तेवढी वहीत.

खुणा मी अशा शिकवतो. ज्या शब्दात लेखनाची चूक वाटते त्याखाली सरळ रेघ आणि त्याच ओळीच्या समासात एक अक्षर : वेलांटीची असेल तर 'वे', उकाराची असेल तर 'उ', अनुस्वाराची असेल तर 'अं', जोडाक्षर किंवा रफार असेल तर 'जो'. कर्ता आणि क्रियापद जुळत नसतील, लिंग-वचन बिघडले असेल तर 'मे', म्हणजे मेळ बसत नाही. शब्द किंवा अक्षर राहून गेले असेल तिथे ओळीखाली काकपद, म्हणजे ^ असे टोक. ही खूण मुलांना आपली वाटते, कारण ती आपल्या पोथ्यांतली आहे; नकलून घेणारे चुकलेल्या अक्षरावर हरताळ, म्हणजे पिवळा लेप, फासत आणि राहिलेला मजकूर समासात लिहून ओळीत काकपद घालत. दोन तुकडे जोडायचे असतील तर खालून छोटी कमान, चिकटलेले शब्द तोडायचे असतील तर मधे उभी रेघ. विरामचिन्ह चुकले किंवा हवे असेल तिथे लहानसा गोल. नवा परिच्छेद हवा तिथे दोन उभ्या रेघा. काही समजलेच नाही तर शब्दावर काहीही न करता समासात फक्त प्रश्नचिन्ह. आणि जे आवडले, मनाला लागले, त्याखाली नागमोडी रेघ.

ही नागमोडी रेघ मुलांना शोभेपुरती वाटते. तसे नाही. प्रत्येक पानावर निदान एक नागमोडी रेघ असल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मी मानत नाही. ती रेघ शोधण्यासाठी मुलाला मित्राचा निबंध खरोखर वाचावा लागतो. चुका शोधायला वाचावेच लागते असे नाही, नुसती नजर फिरवली तरी भागते.

बोलून कळणार नाही, म्हणून एक परिच्छेदच घेऊ. 'शेतकऱ्याचे मनोगत' आणि 'अविस्मरणीय प्रसंग' हे आपल्याकडचे नेहमीचे विषय. मुले साधारण असे लिहितात. हा नमुना मी शिकवण्यासाठी तयार केला आहे, पण यातली प्रत्येक चूक वहीत भेटणारी आहे :

'यंदा पाउस उशीरा आला. तुर वाळुन गेली. बाबानी विहीरीत आडवे बोर मारले पण पानी लागल नाही. बाबा कधीच रडत नाही पण त्या दिवशी ते ओट्या वर बसून राहिले मपल्या मायनं चुल पेटवलीच नाही.'

हातात लाल पेन असलेला मुलगा इथे काय करील, हे तुम्ही पाहिलेच आहे. पाच ओळींत डझनभर काटाकाटी. आणि एवढे करून 'मायनं चूल पेटवलीच नाही' या वाक्यापाशी तो थांबलेला नसेल. त्याला 'चुल' दिसली, विझलेली चूल दिसली नाही. सगळ्या परिच्छेदाचे वजन त्या एका वाक्यात आहे आणि तेच खोडले गेले, तर लिहिणाऱ्या मुलाने वही का परत घ्यावी?

म्हणून फेऱ्या वेगळ्या करा. पहिल्या फेरीत फक्त वाचन. तपासणाऱ्याने निबंध हळू आवाजात मोठ्याने वाचायचा आणि लिहिणाऱ्याने शेजारी बसून ऐकायचा. या फेरीत दोनच खुणा : नागमोडी रेघ आणि प्रश्नचिन्ह. वरच्या उताऱ्यात चुलीच्या वाक्याखाली नागमोडी रेघ येईल. 'राहिले'नंतर वाचणाऱ्याचा श्वास अडखळेल आणि तिथे पूर्णविराम राहिला आहे हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्याच लक्षात येईल; पुष्कळदा तो मित्राच्या हातातून पेन्सिल ओढून टिंब देऊन टाकतो. देऊ द्या. 'बाबा कधीच रडत नाही' हेही कानाला खटकते, कारण पुढच्याच शब्दांत 'ते बसून राहिले' आहे. 'नाहीत' हवे, हे कान सांगतो.

पण कान सगळेच सांगत नाही. 'तुर' आणि 'तूर' बोलताना आपल्याकडे फारसा फरक पडत नाही. 'आणी' लिहिले काय आणि 'आणि' लिहिले काय, उच्चार तोच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका डोळ्यानेच पकडाव्या लागतात, आणि डोळा अर्थाच्या मागे धावत असताना अक्षर पाहत नाही. त्यासाठी दुसरी फेरी मागून पुढे : शेवटच्या शब्दापासून सुरुवात करून एकेक शब्द सुटा पाहत पहिल्या शब्दापर्यंत यायचे. 'नाही, पेटवलीच, चुल, मायनं...' असे वाचले की अर्थ सुटतो आणि शब्दाचे अंग दिसते. छापखान्यात मथळे तपासताना मी हेच करत असे. मथळ्यातली चूक सर्वांत शेवटी दिसते, कारण तो एका दमात वाचला जातो.

दुसऱ्या फेरीत सगळ्या प्रकारच्या चुका एकदम शोधायला सांगू नका. मराठी साहित्य महामंडळाचे शासनमान्य लेखनविषयक नियम एकूण अठरा आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. ते सगळे एका तासात मुलांच्या हाती दिले तर मुले अंदाजाने खुणा करू लागतात. एक निबंध, एक नियम. आजचा निबंध शेती-पावसाचा असेल तर नियम असा घ्या : मराठी शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो, आणि त्याला प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो. तूर पण तुरीला, मूग पण मुगाला, ऊस पण उसाला, पीक पण पिकाला, चूल पण चुलीवर, विहीर पण विहिरीत, उशीर पण उशिरा. गावांची नावेही याच चालीने जातात : तुळजापूर पण तुळजापुरात, जिंतूर पण जिंतुरात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यातून वगळायचे, म्हणजे गुण, विष, मंदिर यांतले स्वर मूळचेच ऱ्हस्व राहतात आणि 'परीक्षेत'मधली 'री' दीर्घच राहते. एवढे फळ्यावर लिहिले की वरच्या उताऱ्यात 'पाउस', 'उशीरा', 'तुर', 'विहीरीत', 'चुल' एवढ्या पाच जागा मुले स्वतः शोधतात. समासात 'उ' किंवा 'वे' पडते. 'वाळुन' या फेरीत सुटले तरी सुटू द्या. 'ऊन' प्रत्यय नेहमी दीर्घ, हा नियम पुढच्या आठवड्यात येईल.

माझ्या मते वर्गात पहिला घ्यावा तो नियम मात्र अनुस्वाराचा. 'बाबानी', 'सरानी', 'मुलाना', 'लोकानी' या चुका प्रत्येक वहीत असतात आणि त्यांनी अर्थ बिघडतो. अनेकवचनात किंवा आदरार्थी शब्दाला प्रत्यय लागताना अनुस्वार हवाच : बाबांनी, सरांनी, मुलांना. नियम एका वाक्यात संपतो, अपवाद जवळजवळ नाहीत आणि 'अं' ही खूण कच्चे मूलही बिनचूक करू शकते. पहिल्याच दिवशी आपल्याला मित्राची चूक दाखवता आली, हे कच्च्या मुलाला कळले की तो या कामात टिकतो. हुशार मुलांसाठी रफाराची जोडी ठेवा : 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले'. लग्नाच्या घरी कुणाला निरोप गेला ते ठरवा म्हणावे. 'दुसर्‍या'त रफार देणारा मुलगाही मग सावध होतो.

सगळ्यांच्या वहीवर सारख्याच खुणा करू नयेत. कच्च्या मुलाच्या वहीवर शब्दाखाली रेघ हवी आणि समासात अक्षरही हवे, कारण त्याला जागाही सापडत नाही आणि जातही. मध्यम मुलाला रेघ नको. ओळीच्या समासात नुसते 'अं' लिहा, शब्द तो शोधील. आणि ज्याचे लेखन बरे आहे त्याच्या समासात फक्त टिंब. या ओळीत काहीतरी आहे, एवढाच इशारा. दोन टिंबे म्हणजे दोन जागा. ही टिंबांची पद्धत मला सर्वांत आवडते. पान स्वच्छ राहते, लाज वाटत नाही, आणि मुले टिंबामागची चूक शोधायला अशी काही भिडतात की मधली सुट्टी झाल्याचे भान राहत नाही. वर्षभरात एखादे मूल रेघेवरून अक्षरावर आणि अक्षरावरून टिंबावर आले, तर त्याची प्रगती पालकांना दाखवायला वेगळा तक्ता लागत नाही. वहीच्या मागच्या-पुढच्या पानांवर ती दिसते.

आता चुकीच्या खुणांचा प्रश्न. मित्र बरोबर शब्दालाही चूक म्हणतो. 'परीक्षा'तली 'री' ऱ्हस्व करायला लावतो, 'कवी'ची वेलांटी बदलायला सांगतो. यासाठी तुटक रेघ ठेवली आहे. खात्री असेल तर सरळ रेघ, शंका असेल तर तुटक. तुटक रेघ आली की दोघांनी मिळून पाठ्यपुस्तकात तो शब्द शोधायचा. वर्गात शब्दकोश एकच असतो आणि तोही कपाटात. कुमारभारतीचे पुस्तक प्रत्येकाच्या दप्तरात असते आणि त्यातले लेखन प्रमाण धरायला हरकत नाही. शब्द सापडला तर रेघ पुसायची किंवा सरळ करायची. नाही सापडला तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा. तासाच्या शेवटी तुम्ही फक्त त्या कोपऱ्यातले शब्द घ्यायचे. साठ वह्या तपासण्याऐवजी तुमच्यापुढे दहा-बारा शब्द येतात, आणि ते नेमके वर्गाला छळणारे शब्द असतात. तपासणाऱ्याने शेवटी पेन्सिलीने 'वाचले' असे लिहून खाली आपले नाव लिहायचे. 'तपासले' नको. नाव लिहायचे आहे म्हटले की मूल वाटेल तिथे रेघ मारत नाही.

खूण केलेली लिहिणाऱ्याला पटली नाही, तर त्याने शब्दाखाली टिंबांची ओळ द्यायची, म्हणजे 'जसे आहे तसे राहू द्या'. छापखान्यातली ही फार उपयोगी खूण आहे. काटलेला मजकूर पुन्हा ठेवायचा असेल तर त्याखाली टिंबे देतात. वर्गात तिच्यामुळे लिहिणाऱ्याच्या हाती शेवटचा शब्द राहतो. टिंबे देणाऱ्याने कारण मात्र एका ओळीत सांगितले पाहिजे.

या टिंबांची खरी गरज बोलीच्या शब्दांना लागते. उताऱ्यातले 'मपल्या मायनं' पाहा. बीड-परभणीकडच्या मुलाच्या घरात हेच शब्द आहेत. लातूर-नांदेडची मुले 'काय करायलास', 'मी जायलोय' असेच बोलतात. देगलूर-बिलोलीकडे कानावर तेलुगू पडते, उदगीरकडे कानडी, तांड्यावरच्या मुलांच्या घरी गोरमाटी, कुणाच्या घरी दखनी. 'पाणी'चे 'पानी' कुठून येते, हे शिक्षकाला माहीत हवे. मित्राने या शब्दांना 'चूक' म्हणायचे नाही. समासात 'बो' लिहायचे, म्हणजे 'हा बोलीतला शब्द आहे, ठेवायचा आहे का बघ'. मग लिहिणारा ठरवतो. शब्द पात्राच्या तोंडी असेल तर खुशाल ठेवावा; प्रमाणलेखनाचे नियमही पात्राच्या तोंडी बोली घालायला मुभा देतात. निवेदनात असेल तर मुलाला विचार करू द्या. चुलीच्या वाक्यात मी असतो तर 'माय' ठेवली असती. 'आईने चूल पेटवलीच नाही' हे शुद्ध आहे, पण ते दुसऱ्याच घरातले आहे. 'मपल्या'चे काय करायचे, हे मी मुलावर सोडले असते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाणभाषेची अपेक्षा असते, हे मुलांना स्पष्ट सांगावे, आणि त्याच दमात हेही सांगावे की घरची भाषा अशुद्ध नसते. 'बो' आणि 'चूक' या दोन खुणा वेगळ्या ठेवल्या की हा धडा वेगळा द्यावा लागत नाही.

'लागल नाही' हे मात्र बोलीत मोडत नाही. तिथे 'लागले' तरी हवे किंवा 'लागलं' तरी. एका निबंधात एकच चाल धरायची, आणि मित्राने इथे 'अं' अशी खूण करून थांबायचे.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण तुमच्या त्या मुलीमुळे मला ती लिहावीशी वाटते. आपल्या भागात निबंधांमध्ये घर उतरते. नापिकी, कर्ज, दारू, उसतोडीला गेलेले आईबाप, कधी त्याहून वाईट. शिक्षकाने वाचणे वेगळे आणि शेजारच्या बाकावरच्याने वाचणे वेगळे. तो मुलगा संध्याकाळी त्याच गल्लीत राहतो. म्हणून मित्राकडे वही जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाला पान दुमडण्याचा हक्क द्या. दुमडलेले पान मित्राने उघडायचे नाही, ते फक्त तुमच्याकडे येते. कारण विचारायचे नाही. पान पुढे उलगडायचे की नाही, हेही त्यानेच ठरवायचे. तुमची विद्यार्थिनी लाल रेघांमुळे चिडली असेल किंवा आपले घर कुणीतरी वाचले म्हणून. तिला वर्गात विचारू नका, बाजूला घेऊन विचारा.

जोड्या लावताना पहिल्या बाकावरच्याला शेवटच्या बाकावरच्याशी जोडण्याचा मोह होतो. तो टाळा. हुशार मुलगा तिथे मास्तर होतो आणि दुसरा गप्प बसतो. लेखनाची पातळी जवळजवळची असलेल्या मुलांची जोडी ठेवा आणि महिन्याने बदला. दिवाळीनंतर उसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी परतलेले मूल असेल तर त्याला आधी तपासणारा करा. दुसऱ्याच्या वहीत मधल्या काळातला नियम त्याला दिसतो आणि स्वतःची वही दाखवायची धास्ती निघून जाते.

गुण द्यायचे नाहीत, शेरा लिहायचा नाही. 'छान', 'अक्षर सुधार', 'अजून प्रयत्न कर' हे सगळे बंद. त्याऐवजी शेवटी एक प्रश्न लिहायचा, ज्याचे उत्तर निबंधात हवे होते असे वाटते. 'बोर किती खोल गेलं होतं?' 'मग त्या रात्री तुम्ही जेवलात का?' असा प्रश्न आला की दुसऱ्या खर्ड्यात तीन ओळी वाढतात आणि त्या ओळी लिहिणाऱ्याच्याच असतात. मित्राने लिहून दिलेल्या नसतात.

छापखान्यातल्या पूर्ण खुणा, म्हणजे काट मारून समासात शुद्ध रूप देणे, मी एकाच वेळी वापरू देतो : भित्तिपत्रकाच्या वेळी. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे भित्तिपत्रक लागते आणि ते गावातले लोक वाचतात. तिथे लिहिणाऱ्याने शिकावे हा हेतू नसतो, मजकूर निर्दोष जावा हा असतो. म्हणून दोन-तीन मुलांना मुद्रितशोधक नेमावे आणि त्यांना सरळ दुरुस्तीचा अधिकार द्यावा. सुरुवात शीर्षकापासूनच होते. 'मुक्तीसंग्राम' असे लिहिलेले असते. फ्लेक्सवरही तसेच पाहायला मिळते. 'मुक्ती' एकटी असताना दीर्घ, सामासिक शब्दात आली की 'मुक्तिसंग्राम', जसे 'कवी' पण 'कविसंमेलन', 'बुद्धी' पण 'बुद्धिवाद'. हा नियम मुलांना फलकावरून जितका पक्का कळतो तितका वहीतून कळत नाही.

संगणकावर किंवा मोबाइलवर लेखन असेल तर दस्तऐवजात सूचना आणि टिप्पणी देण्याची सोय असते. मुलांना फक्त टिप्पणी वापरू द्या. सूचना दिली की समोर 'स्वीकारा' असे बटण येते, मूल ते दाबते आणि काय बदलले ते पाहतही नाही.

पहिल्या वेळी दोन तास धरा. पहिल्या तासात वाचनाची फेरी आणि एका नियमाची फेरी, दुसऱ्यात लिहिणाऱ्याने स्वतःच्या पेनाने वरच्या रिकाम्या ओळीत दुरुस्त्या करायच्या. दुरुस्त केलेली खूण पुसायची नाही, तिच्यावर बारीक बरोबरची खूण करायची. मग तुम्ही रोज दहा वह्या घ्या, आठवड्यात वर्ग पुरा होतो. त्या घेताना निबंध पहिल्यापासून तपासू नका. समास पाहा : कोणत्या खुणेवर बरोबरची खूण नाही, कुठे टिंबांची ओळ आहे, कोणत्या पानावर नागमोडी रेघच नाही. जिथे नागमोडी रेघ नाही ती वही तपासणाऱ्याला परत द्या आणि पुन्हा वाचायला सांगा.